टिटवीची नडगी

१२ सप्टेंबर

ताई,

चार वर्षांनी पत्र लिहितेय, तेही कामापुरतं. उगाच गोड बोलत नाही, तुला ते लगेच कळतं.

माझी टिटवी चौदाची झाली. तू पाहिलीस तेव्हा दुडूदुडू चालायची. आता नुसते पाय वाढलेत, म्हणून सगळे टिटवीच म्हणतात. खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर उरलंय. गेल्या महिन्यात शाळाशाळांच्या स्पर्धेत ती शंभर मीटर अनवाणी धावली आणि पहिली आली. १३.१ सेकंद. दुसरी आलेली मुलगी बूट घालून पाच पावलं मागे होती. मी हॉस्पिटलच्या इस्त्रीखात्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले होते. शेजारच्या बाईने विचारलं, कोणाची हो ही? मी म्हटलं, माझी.

तुझ्या क्रीडा केंद्रात तुझ्या शब्दाला वजन आहे असं ऐकते. तिथली एक खाट तिला दे. दोघींपैकी एकीलाच केंद्रात पाठवू शकतो असं बाबा म्हणाले होते, आणि तू गेलीस. मी वीस वर्षं लोकांच्या आजारपणाच्या चादरी इस्त्री करतेय. तक्रार करत नाही, फक्त आठवण देतेय.

पोर हट्टी नाही. सांगितलेलं ऐकते. मी तिला तेवढंच नीट शिकवलंय.

तुझी धाकटी

---

४ ऑक्टोबर

धाकटे,

पोर पोचली. खिडकीजवळची खाट दिलीय. तू दिलेली फुलाफुलांची उशी पाहून बाकीच्या मुली हसल्या. तिने ती उशी कपाटात कोंबली आणि तेव्हापासून टॉवेलाची घडी डोक्याखाली घेते. सांगितलेलं ऐकते हे खरं. न सांगितलेलंही ऐकते.

आता कामाचं. तीन दिवस तिला तपासणीच्या खोलीत मोजलं. पहिल्या दिवशी टेबलावर झोपवल्यावर तिने विचारलं, "मावशी, हे दुखतं का?" मी म्हटलं, "अजून हात कुठे लावलाय?"

उंची १६३, वजन ४७. बसल्या जागी नाडी मिनिटाला ४८. आमच्याकडे चार-चार वर्षं घाम गाळणाऱ्या मुलींची एवढी खाली येत नाही. तोंडाला मुखवटा लावून सरकत्या पट्ट्यावर पळवली, तर शरीर किती प्राणवायू वापरतं त्याचा आकडा पाहून डॉक्टरांना वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा पळवली. आकडा तोच. दम म्हणून जे काही म्हणतात ते या पोरीत ठासून भरलंय.

वेगाचं मात्र अवघड आहे. उभ्या जागेवरून उडी फक्त ३१ सेंटिमीटर. पाऊल जमिनीला टेकून सुटायला तिला फार वेळ लागतो. स्नायूत दोन तऱ्हेचे धागे असतात. काही झटक्यात आवळतात आणि लगेच थकतात, काही सावकाश आवळतात आणि तासभर थकत नाहीत. कोणते किती हे बरंचसं आईच्या पोटातच ठरतं. हिच्यात दुसरेच जास्त दिसतात. शिवाय लांब पाय झपाट्याने पुढे फेकायला मांडीत आणि नितंबात जो जोर लागतो, तो नाही. शाळेत ती पहिली आली, कारण बाकीच्या तिच्याहून संथ होत्या.

शंभर मीटर विसर. तीन हजार, पाच हजारांना घालू. चार वर्षांत तिचं नाव पेपरात वाचशील.

ताई

---

११ ऑक्टोबर

ताई,

तुझे आकडे मिळाले. गुरांच्या बाजारात दात बघतात तशी माझी पोर तपासलीस.

लांब पल्ल्याच्या बायका पाहिल्यात मी. त्या फेऱ्या मारत असतात तोवर लोक चहा पिऊन येतात. शंभर मीटरला अख्खं मैदान उभं राहतं. मला ते हवंय.

आणि मोजमापांचं मला सांगू नकोस. तू अठराची, मी सोळाची. बाबांनी विचारलं, कोणाला पाठवू? तू शिवणाची टेप घेऊन आलीस आणि माझे पाय तुझ्यापेक्षा तीन सेंटिमीटर आखूड आहेत हे त्यांना दाखवलंस. त्याच आठवड्यात मी तुला दोनदा हरवलं होतं. ते कुठल्या टेपने मोजलंस? आता माझ्या पोरीचे पाय लांब निघाले, तर तेही चालत नाहीत. तुझ्या शास्त्रात आमचे पाय कधी बरोबर असतात, ते एकदा लिहून कळव.

माझी मुलगी शंभर मीटर धावेल. तुला शिकवता येत नसेल तर तसं सांग. टेपच्या आड लपू नकोस.

धाकटी

---

१९ ऑक्टोबर

धाकटे,

ठीक. शंभर म्हणतेस ना, शंभर.

मी तिला कुठल्याही गोष्टीत सवलत देणार नाही आणि काहीही कमी करणार नाही. जे जे करता येतं ते सगळं करीन, म्हणजे उद्या तुला तोंड उघडायला जागा राहायची नाही. मार्चच्या निवडीच्या शर्यतीत ती शेवटची येईल. त्या दिवशी तू मला फक्त एक ओळ लिहायची: ताई, तुझं बरोबर होतं. बाबांच्या वेळेचंही त्यातच आलं.

पोरीला सांगितलं, आजपासून तू स्प्रिंटर. तिने मान डोलावली. मग विचारलं, "म्हणजे संध्याकाळचं लांबचं पळणं बंद?" मी हो म्हटलं. तिने पुन्हा मान डोलावली, पण यावेळी जरा उशिराने.

ताई

---

२८ डिसेंबर

धाकटे,

हे अडीच महिन्यांचं. आठवड्यातून सहा दिवस सराव. सकाळी कमरेला टायर बांधून वीस-वीस मीटर ओढते, मग खांद्यावर वजन घेऊन बैठका, मग खोक्यावरून उड्या. उडी ३१ वरून ३८ झाली. वजन ४७ वरून ४३. स्वयंपाकघरातली बाई तक्रार घेऊन आली होती की पोर अर्धं ताट तसंच ठेवते. मी म्हटलं, ठेवू दे. जेवढं शरीर हलकं, तेवढं ते पुढे ढकलायला सोपं. पोरीने हे ऐकलं असावं. आता पाऊण ताट ठेवते.

दोन महिने पाळी आलेली नाही. इथे बऱ्याच जणींचं असं होतं.

शंभर मीटर १२.९. आता इथेच अडकेल, हे मी तुला आधीच लिहून ठेवते.

परवा टायरचा दोर सोडताना म्हणाली, "मावशी, मी लांबचं पळाले तर आई रागवेल?" मी म्हटलं, "आईलाच विचार." विचारलं का तिने?

ताई

---

६ जानेवारी

ताई,

विचारलं, आणि उत्तरही दिलं. पुन्हा विचारायची नाही.

१२.९! तुझ्या तोंडात साखर घालायला हवी, पण तुझंच तोंड कडू झालं असेल. पोर पुढे सरकतेय आणि तू अडकेल, अडकेल म्हणून बघत बसलीस.

पाळीचं कौतुक मला सांगू नकोस. त्या वर्षी मी तुला हरवत होते, तेव्हा माझीही थांबली होती. मी मेले नाही. टिटवीचे बाबा ट्रक घेऊन महिना-महिना बाहेर असतात. परवा आले आणि विचारत होते, पोरगी खाते-पिते ना नीट? मी सांगितलं, तिची मावशी डोळ्यांत तेल घालून बघते.

तिचं पत्र येतं दर पंधरवड्याला. मजेत आहे. कसलीच तक्रार नाही.

धाकटी

---

२० फेब्रुवारी

धाकटे,

निवड १४ मार्चला. पात्रतेची वेळ १२.४. पोरीची आजची वेळ १२.८. हे चार दशांश तुला इस्त्रीच्या टेबलावर काहीच वाटणार नाहीत. मैदानावर ते तीन-साडेतीन मीटर असतात.

ती डाव्या पायावर भार कमी टाकते असं मला वाटलं. पाऊल पडताना कंबर एका बाजूला कलते. विचारलं तर म्हणते, काही नाही. नडगीवर अंगठा दाबला तर म्हणते, काही नाही, पण श्वास मध्येच थांबतो. म्हणून डॉक्टरांकडे नेली. फोटो काढला. काळजी करण्यासारखं काही नाही.

तू ये. पुढच्या रांगेतली खुर्ची ठेवते. स्वतःच्या डोळ्यांनी बघ, म्हणजे पत्रातून मला धडे द्यायचे थांबतील.

ताई

---

२७ फेब्रुवारी

ताई,

येते. रजा मिळाली. तू माझ्या शेजारीच बस. त्या वेळी मला मैदान नाही, तुझं तोंड बघायचंय.

धाकटी

---

३० मार्च

ताई,

सोळा दिवस झाले. तू एक पत्र पाठवलं नाहीस.

टिटवी माझ्याच हॉस्पिटलात आहे, तिसऱ्या मजल्यावर. नडगीत सळई घातलीय, वर दोन आणि खाली दोन स्क्रू. तिच्या खाटेची चादर मी स्वतः वेगळी काढून इस्त्री करते. बाकीच्या बायका कडेने जातात.

तो आवाज अजून कानातून जात नाही. मागच्या रांगेतल्या माणसाला वाटलं कोणी बाक मोडलं. मला मात्र लगेच कळलं. आणि कळूनही मी काय ओरडले, तुला आठवतं ना? तू शेजारीच होतीस. मी ओरडले, "ऊठ!" आणि ती उठायला लागली, ताई. हातांवर जोर देऊन खरंच उठायला लागली. पाय मधेच वाकला होता आणि ती माझ्याकडे बघत उठत होती.

इथले मोठे डॉक्टर म्हणाले, हाड नुसतं धावून असं मोडत नाही. आधीची चीर होती, महिन्याभराची तरी, कदाचित जास्त. आणि पोटाला कमी पडलं, पाळी थांबली, की हाडं आतून पोकळ होत जातात. त्यांनी मला विचारलं, कोणालाच दिसलं नाही? मी म्हटलं, फोटो काढला होता, त्यात काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इस्त्री करताना हॉस्पिटल जाळलं.

त्या फोटोत काय होतं?

धाकटी

---

८ एप्रिल

धाकटे,

फोटो माझ्या टेबलाच्या खणात आहे. १८ फेब्रुवारीचा. नडगीच्या पुढच्या कडेला केसाएवढी काळी रेघ आहे. डॉक्टर म्हणाले, आठ आठवडे धावणं बंद, नाहीतर आरपार जाईल. मी म्हटलं, तिच्या आईला कळवते. मग तुला ते पत्र लिहिलं.

मला ती हरायला हवी होती. मोडायला नको होती. माझ्या बाजूने बोलण्यासारखं एवढंच आहे, आणि ते फार नाही हे मला कळतं.

आणखी एक सांगते. तुला सांगितलं नाही तर ते मलाच खात बसेल. साठ मीटरवर मी घड्याळ दाबलं तेव्हा तिची वेळ ७.९ होती. ती मोडलेल्या नाही, पण मोडत चाललेल्या पायावर दुसऱ्या नंबरला होती. हाड टिकलं असतं तर १२.४ च्या आत आली असती. माझे सगळे आकडे चुकले होते. ती पडली, तू ओरडलीस, सगळे मैदानात धावले, आणि मी आधी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. आकडा पाहून जो धक्का बसला तो तिच्या पायाच्या धक्क्याच्या आधीचा होता. मी कशी आहे, हे त्या क्षणी मला समजलं.

आता तुझं. तिची खाट रिकामी करताना कपाटात उशीच्या अभ्र्यात तुझं पत्र सापडलं. नोव्हेंबरचं. "नडगी दुखते हे मावशीला मुळीच सांगू नकोस. ती घरी धाडायला निमित्तच शोधतेय. दात-ओठ खाऊन धाव." पोरीने ते घडीवर घडी घालून नखाएवढं केलं होतं.

तेही मी खणात ठेवलंय. फोटोच्या खाली.

ताई

---

१५ एप्रिल

ताई,

ते पत्र टिटवीच्या बाबांच्या हातात पडलं तर माझं घर राहणार नाही. आणि फोटो तुझ्या केंद्राच्या लोकांनी पाहिला तर तुझी नोकरी राहणार नाही. तू माझं पत्र जाळ, मी फोटोचं कोणाकडे बोलणार नाही.

टिटवीला सांगितलंय की मैदान ओलं होतं, पाय घसरला. ती हो म्हणाली.

यापुढे लिहू नकोस.

धाकटी

---

पुढच्या वर्षी, २ ऑगस्ट

टिटवी, बाळ,

तुझ्या आईला मी लिहीत नाही, म्हणून तुला लिहिते. तू सोळाची झालीस. पाय कसा आहे?

मी आता मुख्य प्रशिक्षक झाले. गेल्या महिन्यात प्रशिक्षकांच्या सभेत मी तुझ्या नोंदी मांडल्या, नाव न घेता. वजन, पाळी, उडी, पाऊल किती वेळ टेकतं ते, सगळं आठवड्यागणिक. दीडशे माणसांनी वह्या काढून लिहून घेतलं. शेवटी टाळ्या झाल्या. आता आमच्याकडे नियम आहे, मुलीची पाळी थांबली की सराव बंद आणि आधी ताटात वाढ. तुझ्यामुळे कितीतरी मुलींची हाडं वाचतील. याचा तुला थोडा तरी आनंद व्हावा.

तपासणीच्या खोलीत मदतनिसाची जागा आहे. मुलींची उंची-वजन घ्यायची, नाडी मोजायची, नोंद ठेवायची. शिकवीन मी. राहायला माझ्याकडेच खोली आहे. त्या दिवशी मैदान ओलं होतं, त्यात दोष कोणाचाच नव्हता. पण माझ्याने होईल तेवढं मला तुझ्यासाठी करायचंय.

मावशी

---

१९ ऑगस्ट

मावशी,

मैदान कोरडं होतं. मी त्यावर पडले होते, मला माहीत आहे. तोंडात माती गेली होती, ती भुरभुरीत होती.

आईच्या ट्रंकेत तुझी सगळी पत्रं आहेत. हॉस्पिटलचे कागद शोधताना सापडली. आईची पत्रं तुझ्याकडे असतील, पण तुझ्या पत्रांवरून तिची समजतात. मला नोव्हेंबरमध्ये जे पत्र आलं होतं ते तर पाठच आहे. मी सगळी एका दुपारी वाचली. तुम्हा दोघींना एकमेकींशी एवढं बोलायचं होतं, तर माझ्या पायावरून कशाला बोललात?

आईला विचारलं, फोटोतली रेघ तुला कधी कळली? ती म्हणाली, "तुझ्या भल्यासाठीच गप्प राहिले." मी म्हटलं, "तू मला ऊठ म्हणालीस तेही भल्यासाठीच का?" त्यावर ती रडायला लागली. मग मीच तिला पाणी आणून दिलं. घरात दीड वर्ष हेच चाललंय. पाय माझा मोडला आणि समजूत तिची काढायची. बाबांना मी काल सगळं सांगितलं. त्यांनी आपली ताट-वाटी उचलून ट्रकमध्ये ठेवली. आईला वाटतं ते परत येतील.

तू सभेत माझे आकडे वाचलेस. त्यात एक आकडा राहिला. नोव्हेंबरपासून १४ मार्चपर्यंत मी तुझ्यासमोर एकशे तेरा दिवस सराव केला. त्यातल्या प्रत्येक सकाळी पहिलं पाऊल टेकताना मला वाटायचं, आज मावशी विचारेल. फेब्रुवारीत तू विचारलंस, आणि तोवर तुला उत्तर नकोच होतं. टाळ्या वाजवणाऱ्या दीडशे माणसांना हे सांग.

मदतनिसाची जागा मी घेते. तुझ्या प्रेमाखातर नाही, तसं मनात आणू नकोस. आईपासून लांब जायला मला तेवढा एकच पत्ता माहीत आहे. मी मुलींची नाडी मोजीन, नोंदी ठेवीन, आणि तू सांगशील ते शिकेन. तू चांगली शिकवतेस, ते खोटं नाही. पण प्रत्येक नव्या मुलीला मी आधी विचारणार, कुठे दुखतं? तुझ्या समोर विचारणार. आणि तिने माझ्या पायाकडे बघून काय झालं असं विचारलं, तर तेही तुझ्या समोर सांगणार. मैदान, फोटो, खण, सगळं. दर वर्षी नव्या मुली येतात ना? दर वर्षी सांगीन. तू मध्ये बोललीस तरी चालेल, मी थांबेन आणि मग पुढे सांगीन.

मी तुझ्याच घरी राहीन. माझं चालणं नीट नाही. एक पाय टेकतो, दुसरा जरा उशिरा टेकतो. घरात ते ऐकू येतं. आईला ते सहन होत नाही, ती कानावर उशी घेते. तुला सवय करावी लागेल.

सोमवारी सकाळच्या गाडीने पोचते. स्टेशनवर येऊ नकोस, कोणाला पाठवूही नकोस. मी चालत येईन.

टिटवी